मासे बंद

माझ्या मुलीच्या छातीत घरघर सुरू झाली ती तिसऱ्या वर्षी. सर्दी झाली की श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायचा. तिसऱ्या खेपेला मी घरात जाहीर केलं, हे माशांमुळे होतंय. कोणी सांगितलं? कोणीच नाही. आदल्या दिवशी तिने बांगडा खाल्ला होता, एवढाच माझा पुरावा. आणि मी शाळेत विज्ञान शिकवतो.

बायको म्हणाली, "अवो, डॉक्टराक तरी इचारा."

"तुका काय कळता?" मी म्हटलं. झालं, मालवणात राहणाऱ्या पोरीचे मासे बंद. वर्षभर ती वरणभात चिवडत बसायची. मी मात्र शाळा सुटली की बाजारातल्या खानावळीत सुरमई हाणून यायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. एकदा तिने माझा हात हुंगला. "बाबा, तुमच्या हाताक वास येता." मी उठून साबणाने हात धुतला.

घरघर थांबली नाहीच. मग एका दुपारी ती शेजारच्या काकीकडे तळलेला बांगडा खाताना सापडली. मी तिथेच तिच्या थोबाडीत दिली. चार वर्षांच्या पोरीच्या.

"मेल्या, काय केलंस ह्या?" काकी म्हणाली.

"आमच्या घरातला आमी बघतलव," म्हणत मी पोरीला ओढत घरी आणलं.

शेवटी कुडाळच्या डॉक्टरबाईंनी तिचं रक्त तपासून घेतलं. ॲलर्जी दाखवणारा आयजीईचा आकडा बराच चढलेला निघाला. मी बायकोकडे 'बघ, सांगत होतो ना' अशा तोऱ्यात पाहिलं. बाई रिपोर्ट वाचत म्हणाल्या, "धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी दिसतेय. गादी, उशीत असतात ते. माशांचं काहीच नाही. मासे कोणी बंद केले?"

बायकोने पोरीला मांडीवर ओढून घेतलं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर परवडलं असतं. घरातली सावरीच्या कापसाची जुनी गादी माझ्याच हट्टाने टिकली होती, आणि पोरगी रोज तिच्यावर माझ्या कुशीत झोपायची. हे मी बाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. इतका भित्रा मी.

येताना बांगडे घेतले. बायकोने तळले. मी स्वतः एक उचलून पोरीच्या ताटात वाढला. माफी मागायची होती. "खा गो," एवढंच म्हटलं.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी आपणहून घेवक नाय हां, बाबा," ती म्हणाली. "तुमीच वाढलास."