पासपोर्टाचं प्रस्थान

आमच्या ह्यांना असा देश हवा होता, जिथं आमच्या कॉलनीतलं कुणीच गेलेलं नाही. त्याला कारण समोरच्या वहिनी. त्या स्वित्झर्लंडला जाऊन आल्या त्याला दोन वर्षं झाली, पण अजूनही त्यांच्याकडं विरजण मागायला गेलं तर आधी बर्फाचे फोटो बघावे लागतात, मग विरजण मिळतं.

हे रिटायर झाले आणि नकाशा घेऊन बसले. चार दिवसांनी एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "ठरलं!"

"बोट उचला की बाबा," सून म्हणाली, "देश दिसंना."

बोटाखाली स्लोव्हेनिया होता. मला ते नाव तोंडात बसवायला आठवडा लागला. ह्यांनी घरात दम भरला की व्हिसा हातात येईपर्यंत ह्या देशाचं नाव बाहेर काढायचं नाही. "नाहीतर त्या समोरच्या आपल्या आधी जाऊन येतील."

ह्यांनी वहीत यादी केली. तळं, किल्ला, मोठ्या गुहा. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. पण सुनेनं मोबाइलवर एक चित्र दाखवलं होतं. तिकडं मधमाश्यांच्या पेट्यांना पुढून लहान लहान फळ्या असतात, आणि प्रत्येक फळीवर रंगीत चित्र. माशीला आपलं घर ओळखू यावं म्हणून. माझं माहेर दौलताबादचं. आमच्याकडं किल्ल्यावरची मोहळं उठली की माणसं चपला टाकून पळायची. आणि तिकडं माणूस माशीसाठी दारावर चित्र काढून ठेवतो! मला ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

व्हिसासाठी मुंबईला जायचं ठरलं. रविवारी दुपारची गाडी, सोमवारी सकाळी कार्यालयात हजर. मी कॅलेंडर बघितलं. मुंबई पश्चिमेला, आणि रविवारी पश्चिमेला निघू नये. ह्यांना सांगावं तर हे हसणार. पण त्यावर आमच्यात उपाय आहे. प्रस्थान ठेवायचं. चांगल्या दिवशी सामानातलं थोडंसं फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला. फक्त ते गाठोडं परत घरात आणायचं नाही. जाताना परस्पर उचलायचं.

गुरुवारी हे अंघोळीला गेल्यावर मी माझी एक साडी, ह्यांचा सदरा, सुपारी आणि अक्षता फडक्यात घातल्या. मग वाटलं, ह्या प्रवासाला सगळ्यात गरजेचं काय? सून तर रोज म्हणते, आई, पासपोर्टाशिवाय पान हलत नाही. मी दोन्ही पासपोर्ट मध्ये ठेवले, घट्ट गाठ मारली आणि गाठोडं समोर वहिनींकडं नेऊन दिलं.

"कुठं निघालात, ताई?" वहिनींनी विचारलं.

"पश्चिमेला," मी म्हणाले आणि पळत घरी आले.

रविवारी सकाळी उठून बघते तर समोर कुलूप. मी काही बोलायच्या आत ह्यांनी कपाट उघडलं आणि घरात रणकंदन सुरू झालं. गाद्या उलट्या झाल्या, पिठाचा डबा रिकामा झाला. पासपोर्ट कुठं आहेत ते मला ठाऊक होतं, तरी तासभर मी उचललेल्या जागाच पुन्हा उचलून बघत होते. शेवटी हे सुनेवर घसरले, "तूच फोटोकॉपी काढायला नेले होतेस!" तिचे डोळे भरले, तेव्हा मी म्हणाले, "ते समोर आहेत. प्रस्थानात."

हे जागीच पलंगावर बसले. "अगं, पासपोर्ट म्हणजे काय सुपारी आहे का?"

सुनेनं फोन लावला. वहिनी भाचीच्या हळदीला पाचोडला गेल्या होत्या. मागं वाजंत्री इतकी जोरात की एवढंच कळलं, "या तुम्ही, या!" घड्याळात पावणेदहा झाले होते. सुनेला बॅगा आणि कागदांची फाइल घेऊन स्टेशनवर यायला सांगितलं, आणि आम्ही दोघं किल्ली आणायला गाडी करून पाचोडला निघालो. वाटेत अडुळ गाव गेल्यावर हे फक्त एकदा म्हणाले, "सुपारी!"

मांडवात वहिनी हळदीनं पिवळ्या झालेल्या.

"किल्ली द्या," हे म्हणाले.

"किल्ली कशाला? गाठोडं मी संगंच आणलंय. लोकाची वस्तू बंद घरात ठेवायची व्हय? चोर काय मुहूर्त बघून येतात?" त्यांनी खांद्याच्या पिशवीतून गाठोडं काढलं. सगळा मांडव आमच्याकडं बघत होता. वहिनी म्हणाल्या, "बघा बायांनो, हे दोघं घरीच राहिले आणि यांचं सामान पाचोडला फिरायला आलं. पण ताई, कोणत्या देशाला ते तर सांगा."

ह्यांनी माझ्याकडं डोळे वटारले. आम्ही पुरणपोळीला नाही म्हणत म्हणत एकेक खाल्ली आणि निघालो.

शहर जवळ आलं तसा ह्यांचा जीव भांड्यात पडला. ड्रायव्हरला म्हणाले, "आधी उस्मानपुऱ्यात घे. घर स्टेशनच्या वाटेवरच आहे. तोंड धुऊन पुढं जाऊ."

"घरी नाय जायचं," मी म्हणाले.

"पाच मिनिटं गं."

"गाठोडं घरात गेलं तर सगळं फुकट. सरळ स्टेशनवर घ्या हो दादा."

माझा आवाज इतका मोठा होता की मीच दचकले. ड्रायव्हरनं ह्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ स्टेशनवर घेतली.

सोमवारी मुंबईत खिडकीपलीकडच्या मुलीनं माझा पासपोर्ट उघडला तर तिच्या टेबलावर अक्षता सांडल्या. ह्यांनी कपाळाला हात लावला. ती मराठीच होती. हसून म्हणाली, "आजी, तिकडं काय बघणार?"

ह्यांनी यादीची वही उघडली. पण प्रश्न मला होता.

"मधमाश्यांची घरं," मी म्हणाले. "त्यांच्या दारावर चित्रं असतात."

हे वहीची पानं उलटून मधमाश्या शोधायला लागले. ती म्हणाली, "छान. पासपोर्ट कुरिअरनं येतील. पत्ता सांगा."

मी चौथीपर्यंत शिकले, पण पत्ता मला पाठ आहे. तिनं तो टाइप केला, आणि परतीच्या गाडीत हे म्हणाले, "मधमाश्यांचं आधी का नाही बोललीस?"

"तुमच्या बोटाखाली दिसंना," मी म्हणाले. हे हसले, आणि वहीत सगळ्यात वर ते लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी सकाळी समोरच्या गच्चीवरून वहिनींचा आवाज आला. साऱ्या गल्लीनं ऐकला.

"अहो ताई! तुमचं पाकीट माझ्या घरी आलंय! स्लोव्हेनिया म्हंजे कुठं आलं हो? व्हिसा लागलाय बगा दोघांचा!"

हे चहाचा कप घेऊन दारात आले. "त्यांच्या घरी कसं गेलं? पत्ता कुणाचा दिला होतास तू?"

"समोरचा," मी म्हणाले. अजून प्रवास व्हायचा आहे. निघेपर्यंत पासपोर्ट घरात कसे आणणार? ते वहिनींच्या देवघरात आहेत. हे रोज एकदा जाऊन बघून येतात, आणि त्याआधी त्यांना बर्फाचे फोटो बघावे लागतात.