दहापैकी चार

हाडांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना पेशंट पाठीमागे ‘हवालदार’ म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. आवाजच तसा होता ना! पण सुई टोचायची वेळ आली की हेच पेशंट ‘हवालदारांनाच बोलवा’ म्हणून हटून बसत. बाईंचा हात हलका, जीभ तिखट. घरी नवरा म्हणायचा, “तुझ्यासमोर शिंकायचीसुद्धा सोय नाही, लगेच नाडी धरतेस.”

त्यांची एक खोड होती. ‘किती दुखतंय?’ विचारताना त्या पेशंटच्या तोंडाकडे बघतच नसत. चादरीचं टोक उचलून पायाची बोटं बघत. माणूस वरून कितीही हसला तरी आतून कळ दाबत असला की बोटं आखडतात, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं.

पण गणिताच्या सरांनी त्यांनाही चकवलं. सर रिटायर झालेले. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सिस्टरनी रोजच्यासारखं विचारलं, “सर, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तुमचं किती?”

“चार,” सर म्हणाले, आणि भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय म्हणून उलट सिस्टरचीच हजेरी घेतली. एवढा तोंडाळ माणूस दुखणं कशाला लपवेल, असं वाटून त्यांनी चादर उचललीच नाही. चार म्हणजे साधी गोळी. ती दिली आणि पुढच्या कॉटकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशीही चारच. आणि सर मात्र कॉटवर ओंडक्यासारखे पडून! व्यायाम करून घ्यायला कुणी आलं की “उद्या बघू”. खोकला आला की आतल्या आत गिळायचे. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सरांच्या लेकीला बाहेर नेऊन सांगितलं, “कफ साठायला लागलाय. आता उठून बसले नाहीत, चालले नाहीत, तर पुढे अंथरूण सुटणं अवघड आहे.”

लेक बिचारी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडायला लागली. “सिस्टर, दुखणं काही फार नाही म्हणतात. मग उठत का नाहीत हो? जगायचंच नाहीये का त्यांना?”

“मला पण तेच कळेना झालंय,” सिस्टर म्हणाल्या. “रोज विचारते, रोज दहापैकी चार सांगतात.”

लेक रडता रडता फिसकन हसली. “चार? अहो, बाबांनी उभ्या जन्मात कुणाला दहापैकी चारच्या वर मार्क दिले नाहीत! वर्गात पहिली यायचे ना मी, मलासुद्धा चारच!”

सिस्टर एकदम वळल्या. तशाच लेकीला घेऊन तरातरा आत गेल्या आणि चादरीचं टोक उचललं. दोन्ही पायांची बोटं मुठीसारखी वळलेली. स्वतःचाच असा संताप आला त्यांना! आपलीच खोड आपण नेमकी याच माणसापाशी विसरावी?

“सर, तुम्ही दुखण्याला दहापैकी दहा कधी दिलेत का हो?”

सर छताकडे बघत राहिले. “एकदाच दिले. हिची आई गेली त्या दिवशी. त्याच्यापुढे हे मोडकं हाड काय घेऊन बसलात? चारसुद्धा जास्तच झाले.”

हवालदारांचा आवाज कुठल्या कुठे गेला. स्टूल ओढून त्या शेजारी बसल्या. “सर, तो पेपर वेगळा. त्यावर माझ्याकडे औषध नाही, कुणाकडेच नसतं. पण खुब्यावर आहे. एका विषयाचा पेपर समोर ठेवून दुसरा तपासतात का कधी? मला नुसत्या खुब्याचं सांगा.”

सरांनी लेकीकडे चोरून पाहिलं. मग लेकीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “नऊ. कूस बदलायची म्हटलं तर जीव जातो हो.”

सिस्टरनी डॉक्टरांना फोन करून जोरदार इंजेक्शन लिहून घेतलं, दिलं, ते अंगात भिनेपर्यंत कुणाला सरांच्या जवळ फिरकू दिलं नाही. सरांच्या कपाळावरची आठी सैल झाली. मग सर मोकळेपणी खोकले, चांगले छातीतून. “आता उठायचं,” हवालदार मूळ आवाजात गरजल्या, “आणि ‘उद्या बघू’ म्हणालात तर बघाच!”

एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला लेक, पुढ्यात वॉकर. थांबत, कण्हत, सिस्टरशी भांडत सर खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत पोचले एकदाचे. बसले आणि बाहेरच्या उन्हाकडे बघून डोळे मिचकावले.

“किती?” सिस्टरनी विचारलं.

“चार.”

सिस्टरनी खाली वाकून बघितलं. बोटं सुटी, मोकळी. हे चार त्यांना मान्य होते.

“आणि मला किती, बाबा?” लेकीने घाम पुसत विचारलं. “न पाडता आणलं की इथपर्यंत!”

सरांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “सहा.”

लेकीने आ वासला तो वासलेलाच.

“अशी बघतेस काय? चार माझे,” सर खिडकीकडे तोंड फिरवत म्हणाले. “दोन तुझ्या आईचे. कायम मागे लागायची माझ्या, पोरीला दोन वाढवून द्या म्हणून.”