जावयांनी रेडिओपासून उठावं

उशे माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तरी मी तिला आजी म्हणते. तिला माझ्या आजीचं नाव आहे, आणि आमच्यात नाव तेच तर नातं तेच. आजी-नातीत थट्टेला बंदी नाही, म्हणून आम्ही एकमेकींना वाट्टेल ते बोलतो. जावयाची गोष्ट वेगळी. सासूनं त्याच्याशी थेट बोलायचं नाही, आणि तिच्या तोंडचा वात्रट शब्द त्याच्या कानावर पडता कामा नये.

उशेच्या गोष्टी मात्र सगळ्याच वात्रट. आमचा जुना देवच तसला! बायका त्याचं नेसायचं कातडं पळवतात नि तो काट्यांत उघडा बसतो, हे ती बसून दाखवते तेव्हा हसून पोट दुखतं. पण भोवती कोण बसलंय हे बघूनच ती तोंड उघडायची.

गेल्या थंडीत चुमक्वे गावच्या रेडिओवाल्यांनी तिला दर शुक्रवारी गोष्ट सांगायला बोलावलं. पहिल्या शुक्रवारी खोलीत माइकवाली बाई तेवढी, तीही थट्टेच्या नात्यातली. उशेनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, झालं! काटे, देव, देवाचं बूड, काही सोडलं नाही.

इकडं वस्तीवर आम्ही पाण्याच्या टाकीखाली रेडिओ ऐकत बसलेलो. तिचा जावई दाबेसुद्धा. बूड आलं तसा तो चहा तिथंच ठेवून उठला. लग्नानंतर काही वर्षं जावयानं सासरी राहायचं असतं, म्हणून तो इथं. तो आता बायको-पोर घेऊन आपल्या वस्तीवर निघतो म्हणाला. ती दोन दिवसांच्या वाटेवर.

"आजी, बुडानं घात केला गं तुझा," मी म्हटलं.

"माझ्या बुडानं नाही, देवाच्या! दात काढू नकोस, म्हातारे. तान्हं पोर नेलं तर मी काय करू?"

तिला बसवेना. मोंगोंगो फळाच्या तीन बिया फोडायची की उठलीच. टाकीपर्यंत जायची, मुलीच्या झोपडीकडं बघायची, परत यायची. तिकडं दाबेनं घोंगड्या बांधायला घेतलेल्या.

"शुक्रवारी सशाची सांग. साधी," मी म्हटलं.

"सशालाही बूड असतंच की."

शुक्रवारी ती गेली. रेडिओवर आधी नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "मी उशे. जे माझे जावई लागतात त्यांनी रेडिओपासून उठावं. लांब जा. अजून लांब." थांबली. मग पुरी गोष्ट सांगितली.

आमचा दाबे उठून कुंपणाकडं गेला. पण नाव तेच तर नातं तेच! जिथं जिथं दाबे होता तिथला तो तिचा जावईच. पाण्याच्या ट्रकवाला दाबे गाडी थांबवून खाली उतरला नि रस्त्यात उभा राहिला. दाबे मास्तर वर्ग सोडून निघून गेला, पोरं खुशाल ऐकत बसली.

राजधानीहून आलेले रेडिओचे साहेब वैतागले. "बाई, तुम्ही ऐकणाऱ्यांनाच हाकलता!"

"सगळ्यांना कुठं? जावयांनाच."

"ते वाक्य काढा."

"मग गोष्टही निघेल," म्हणत तिनं पिशवी उचलली. वाक्य राहिलं.

संध्याकाळी आमचा दाबे बायकोशी बोलला, पण सासूला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "खोआन, तुझ्या आईला सांग, शुक्रवारी मी कुंपण बघायला जात जाईन. घोंगड्या सोड."

उशे चुलीतल्या लाकडाकडं बघत म्हणाली, "खोआन, त्यांना सांग, लांबचं कुंपण बघा."

ते राहिले. तान्हं रात्रभर रडतं, उशेला झोप नाही, त्यातच ती खूश. पण स्वस्थता म्हणाल तर गेलीच. पूर्वी समोरची तोंडं दिसायची. आता कुठल्याही वस्तीवरून कोणी आलं की रामराम करायच्या आधी विचारते, "शुक्रवारी दाबे कुठं होता?"

काल एकजण गोंधळला. "कुठला दाबे, मावशी?"

"सगळे," उशे म्हणाली, आणि त्याच्या उत्तराला न थांबता पुढच्या माणसाकडं गेली.