संध्याकाळचं रीडिंग

माझा नवरा, म्हणजे आमच्या घरातले 'हे', हिमाचलातली एक उंच खिंड ओलांडायला निघाले, तेव्हा मीही हट्टाने बरोबर गेले. मला डोंगरांची हौस अजिबात नाही. सिल्वासाच्या शाळेत उभं राहून गणित शिकवता शिकवता माझे गुडघे कधीच कुरकुरायला लागलेत. पण यांच्या वागण्यात कुठेतरी पाणी मुरतंय असं मला पावसाळाभर वाटत होतं, आणि कुठे ते घरी बसून कळणार नव्हतं.

हे राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात क्वालिटी बघतात. आपल्या खात्यातल्या चौघांना घेऊन मोठा ट्रेक करायचा, ही कल्पना यांचीच. तयारी म्हणून रोज पहाटे वासोण्याच्या रस्त्याला चालायला जायचे. निदान तसं सांगायचे. एकदा मी विचारलं, भर पावसात इतकं चालून आलात तर बूट कोरडे कसे? रस्ता आता चांगला झालाय, म्हणाले. आमच्याकडचा कुठलाही रस्ता पावसात इतका चांगला होत नाही. पण परीक्षेच्या वर्गात इतकी वर्षं फिरले आहे. पहिल्याच शंकेला कुणाचा पेपर ओढायचा नसतो. मी माझीही बॅग भरली.

गाडीरस्ता संपल्यावर गाव संपलं, गाव संपल्यावर झाडं संपली. राहायचं ते ओढ्याकाठी तंबूत, आणि प्रातर्विधीला खड्डा खणून त्याभोवती लावलेलं कापड. सुरुवातीला माझा सगळा संशय गाइडवर होता. चाळिशीचा, तिथलाच, सतत हसरा. कितीही चाललं तरी त्याचं आपलं एकच, बस, अब थोडा ही है. खेचरांवरच्या पोत्यांत बटाट्यांशिवाय काही आहे का, हेही मी हात लावून बघून आले. कांदे होते.

एका बाबतीत मात्र तो हसत नसे. रोज संध्याकाळी सूप झालं की तो प्रत्येकाच्या बोटाला ते कोरोनातलं ऑक्सिजनचं यंत्र लावायचा. आकडा बघायचा, डोकं दुखतंय का, मळमळतंय का, विचारायचा. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं होतं की आकडा घसरला आणि डोकं धरलं, तर तो माणूस वर जाणार नाही, खाली उतरणार. खिंडीपलीकडे कुणाला काही झालं तर मदत वेळेवर पोचत नाही.

यांचा आकडा रोज उत्तम यायचा. माझ्यापेक्षा चांगला. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कारण चढावर हे सगळ्यांत मागे असायचे. फोटो काढायला थांबलोय म्हणायचे, आणि फोनमध्ये बघावं तर दगड. खानवेलच्या सहलीत फोन खिशातून बाहेर न काढणारा माणूस दगडांचे फोटो काढतोय! ओठ निळसर दिसायचे. ताटातली पोळी हळूच खेचराच्या तोंडात जायची. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, आणि संध्याकाळी आकडा मला खोटं पाडत होता.

तिसऱ्या की चौथ्या मुक्कामी मी गरम पाणी आणायला स्वयंपाकाच्या तंबूमागे गेले. हे तिथे एका दगडावर बसले होते. वाफाळत्या मगभोवती दोन्ही तळहात घट्ट धरलेले, आणि ओठांचा चंबू करून एकामागून एक लांब श्वास चाललेले. मी मागे सरकले. थोड्या वेळाने हे उठले, थेट गाइडसमोर जाऊन बोट पुढे केलं. आकडा झकास. गाइड शाबास म्हणाला. यांच्या खात्यातला एक जण हसत म्हणाला, "सर, हे तर ऑडिटवालं रीडिंग."

हे पण हसले. मला मात्र हसू येईना. कारण ऑडिट म्हणजे काय, हे आमच्या घरी जेवताना मी शंभरदा ऐकलंय. माल घेणाऱ्या पार्टीची माणसं तपासणीला येणार असली की आदल्या दिवशी मशीन पुसून घ्यायचं, जरा हळू चालवायचं, सगळ्यांत चांगल्या मशीनवरची रिळं पुढे मांडायची. यात फसवणूक नाही, तयारी आहे, असं हे अभिमानाने सांगतात. ती तयारी आता हे स्वतःच्या रक्तावर करत होते, बोटं शेकून आणि लांब श्वास घेऊन आकडा तेवढ्यापुरता चढवत होते.

तंबूत मी विचारलं, डोकं दुखतंय का. नाही म्हणाले. जेवला का नाहीत? चव नव्हती. मग जरा चिडूनच म्हणाले, "रीडिंग पास झालंय ना? मग विषय संपला."

खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामावर मी गाइडला बाजूला घेतलं. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की वर्गात एखाद्या मुलाचा संशय आला तर मी त्याचे खिसे तपासत नाही, त्याची जागा बदलते. आज यांना सगळ्यांच्या शेवटी घ्या, तोवर रिकाम्या हाताने शेजारी बसवा आणि बोलतं ठेवा. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली.

त्याने कारखान्याचा विषय काढला. हे खुलले. धागा कसा ओढतात, कसा तुटतो, सगळं सांगायला लागले, आणि सांगताना धाप लागत होती. मग त्याने बोट मागितलं. आकडा इतका खाली होता की यांनी यंत्र बाहीला पुसून परत लावलं. तोच. डोकं दुखतंय का, गाइडने विचारलं. यांनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं, आणि कुणी काय केलंय ते यांना कळलं.

सकाळी खात्यातले चौघे गाइडच्या मदतनिसाबरोबर वर गेले, गाइड आम्हा दोघांना घेऊन खाली निघाला. मी पुढे केलेली पाण्याची बाटली यांनी घेतली नाही. वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, कारण गेलं वर्षभर हा माणूस त्या खिंडीशिवाय दुसरं काही बोलला नव्हता. पण त्याहून जास्त मी घाबरले होते. उतरताना माझी नजर वाटेवर कमी आणि यांच्या ओठांवर जास्त होती.

पहिली झाडं लागली तिथे आम्ही टेकलो. यांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. न विचारता म्हणाले, कंपनीचा जिना चढतानाही अशीच धाप लागते हल्ली. वासोण्याच्या रस्त्याला जायचो, पण चहाच्या टपरीच्या पुढे जाववत नव्हतं.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारतेस ते तपासायला विचारतेस," हे म्हणाले. रागावले नव्हते, साधं सांगत होते.

मला संताप आला. तपासलं नसतं तर आज हे खिंडीत असते. तसं मी म्हणालेही. खरंय, म्हणाले, आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले. पावसाळ्यापासून म्हणजे फार दिवस झाले नाहीत, असा हिशेब मी मनात करत राहिले. तेवढाच धीर.

परत आल्यावर वापीच्या डॉक्टरांकडे गेलो. हृदयाकडे जाणाऱ्या नसांची तपासणी ठरली. त्यांनी विचारलं, हा त्रास कधीपासून आहे? यांनी परत आधी माझ्याकडे बघितलं. मी उठले, पाणी पिऊन येते म्हटलं आणि बाहेर गेले. दार ओढून घेताना यांचं उत्तर ऐकू आलं.

"गेल्या दिवाळीच्याही आधीपासून, डॉक्टर."