दोन बोटांची बेस

फिटरच्या हातात आलेलं एकही वाद्य त्याला कधी पुरं झालेलं वाटलं नाही. दुकानातून आणलेली कोरी करकरीत बेस गिटार त्याच्यापुढे धरली, तर तो ती उलटीसुलटी करून बघायचा, तिची मान तळव्यावर तोलायचा आणि म्हणायचा, "चांगली आहे. पण कंपनीवाल्यांनी अर्धीच बनवलीय." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्याच गिटारीबद्दल. ती घेऊन मला आठवडाही झाला नव्हता. माणूस मनातून उतरायला एवढं पुरतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नंदाखालच्या आमच्या बँडमध्ये मी बेस वाजवायचो आणि दिवसा शाळेत गणित शिकवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. बँड बावतीसकाकांचा, ते व्हायोलिन वाजवत. एका रविवारी मिस्सा सुटल्यावर ते एका सडपातळ माणसाला चर्चच्या हॉलमध्ये घेऊन आले. हा वालीवच्या कारखान्यात फिटर होता. नाव पास्कोल, पण ते फक्त त्याची आई वापरायची. काका मला म्हणाले, "मास्तर, जरा याला वाजवू दे." मी दिली. त्याने डोळे मिटून चारच सूर वाजवले आणि ड्रमवाला पोऱ्या नीट ताठ बसला. माझ्या वाजवण्याने तो कधी ताठ बसला नव्हता. महिन्याभरात मी ऱ्हिदम गिटारवर गेलो. बेस माझी, कर्जाऊ दिलेली, आणि वाजवणार तो.

फिटर तक्रार करत बसणारा नव्हता. जे कंपनीने बनवायला हवं होतं ते तो स्वतः बनवायचा. लग्नात चार-चार तास उभं राहून बेस वाजवायची म्हणजे पट्टा खांद्यात रुततो, आणि हात सोडला की गिटारीची मान खाली झुकते. त्याने खाटेची रुंद नवार आणली, आत जुन्या स्कूटरच्या सीटचा स्पंज शिवला, आणि पट्टा अडकवायची खुंटी दोन इंच पुढे सरकवली. मान झुकायची थांबली. ॲम्प्लिफायरचं धूड उचलायला दोन माणसं लागत. त्याने ते कापून दोन पेट्या केल्या, सायकलच्या दोन बाजूंना अडकतील अशा. मांडवात वीज जायची म्हणून ॲम्प्लिफायर ट्रकच्या बॅटरीवर चालेल अशीही सोय केली. "कंपनीवाल्यांनी एकदा नंदाखालला येऊन लग्न वाजवावं," तो म्हणायचा, "मग कारखाना उघडावा."

त्या पट्ट्याखाली माझा खांदा कधी आला नाही. मी मागितला असता तर त्याने तसाच दुसरा शिवून दिला असता. म्हणूनच मी मागितला नाही.

सर्वांत जास्त मी जळलो ते माझ्याच स्वयंपाकघरात. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने आणि हाताच्या घामाने बेसच्या जाड तारा महिन्याभरात मरगळायच्या, आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा यायचा. फिटर एका दुपारी आला आणि माझ्या बायकोला, रोझीला म्हणाला, "वहिनी, एक जुनं पातेलं द्या." त्याने तारा गुंडाळून उकळत्या पाण्यात टाकल्या. पाणी काळं झालं. तारा पुसून, सुकवून चढवल्या तर त्या नव्यासारख्या वाजल्या. रोझी हसून हसून बेजार. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही दर वेळी नव्या मागवत होतात!" तिने ते पातेलं फिटरचं पातेलं म्हणून वेगळं ठेवलं. माझ्या घरात माझ्या नावाचं पातेलं नव्हतं.

मग वालीवला तो अपघात झाला. पत्रा दाबणारा प्रेस अवेळी खाली आला आणि फिटरच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. डावा हात म्हणजे बेसच्या मानेवर सूर दाबणारा हात. बातमी मला शाळेत कळली. आता खरं सांगायचं तर आधी मला धक्का बसला, आणि लगेच त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, ज्याला मी बरीच वर्षं नाव दिलं नाही. तो आनंद होता. पुढच्या रविवारी लग्न होतं आणि बेस माझ्याकडे परत येणार होती.

इस्पितळात मी आणि रोझी त्याला भेटायला गेलो. फिटर पट्ट्यांत गुंडाळलेल्या हाताकडे बघत म्हणाला, "मास्तर, दोन बोटांची बेस कुठली कंपनी बनवते, काही माहीत आहे का?" मी म्हणालो, "अशी कोण बनवणार?" तो म्हणाला, "हं. मग आपल्यालाच बघायला हवं."

हात भरून आल्यावर त्याने फणसाची एक फळी मिळवली आणि कामाला लागला. मान आखूड ठेवली, म्हणजे दोन बोटं पुरतील. तारा चारऐवजी तीन. आणि त्या वेगळ्याच सुरांत लावल्या, अशा की खर्ज आणि पंचम एकाच बोटाखाली यावेत. राहिला होता तो पिकअप, म्हणजे तारांखाली बसणारा, त्यांची थरथर पेटीपर्यंत नेणारा चुंबकाचा तुकडा. माझ्या मेव्हण्याने बहारीनहून आणलेला एक माझ्या कपाटात पडून होता. फिटरला ते ठाऊक होतं. तो ओट्यावर येऊन बसला.

"मास्तर, तो तुमच्याकडचा पिकअप मिळेल का?"

"अरे, तो मेलाय," मी म्हणालो. "आतली तार तुटलीय."

"बघू तरी."

"फेकून दिला."

त्याने मान डोलावली, चहा घेतला आणि गेला. मग जुन्या रेडिओच्या कॉइलमधली केसाएवढी तार सोडवून तो एका फुटक्या स्पीकरच्या चुंबकाभोवती गुंडाळत बसला. हजारो वेढे, आठ बोटांनी. दोनदा तार मध्येच तुटली, दोनदा त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. चार महिने गेले. ते चार महिने मी मांडवात पुढे उभा राहून बेस वाजवली. कोणी वाईट म्हटलं नाही. कोणी काहीच म्हटलं नाही.

एका रविवारी तो ती फणसाची गिटार घेऊन हॉलमध्ये आला. दिसायला ओबडधोबड होती. वाजायला लागली तेव्हा बाकांच्या फळ्या अंगाखाली गुणगुणल्या. बावतीसकाकांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना बोलावं लागू नये म्हणून मीच माझी बेस पिशवीत घातली. लोकांना तो माझा मोठेपणा वाटला.

वर्षभराने फिटर आमचा रेडिओ दुरुस्त करायला घरी आला होता. रोझी कपाट आवरत होती. ती हातात एक पुडकं घेऊन बाहेर आली. "भावजी, हे तुमच्या काही कामाचं आहे का? केव्हाचं पडलंय." तो पिकअप होता. फिटरने त्याच्या दोन्ही तारांना मीटर लावला. काटा झटकन उडाला.

"मास्तर," तो म्हणाला, "हा तर जिवंत आहे."

"हो."

"तेव्हाही होता?"

"होता."

"मग?"

रोझी दारात उभी होती. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. मी म्हणालो, "तू परत येऊ नयेस म्हणून."

त्याने रेडिओचे राहिलेले दोन स्क्रू पिळले, पाठचं झाकण लावलं, आवाज येतो का पाहिलं. मग उठून म्हणाला, "त्या मशीनचा मला कधी राग आला नाही. मशीनला काय कळतं? तुझा आला." मला तो नेहमी अहोजाहो करायचा. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने अरेतुरे केलं. पिकअप टेबलावर ठेवून तो गेला. रोझी चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

फिटर बँड सोडेल असं मला वाटलं होतं. थोडी आशाही होती. पण पुढच्या रविवारी तो आला आणि माझ्या शेजारी उभा राहून वाजवू लागला. मला तो 'तू'च म्हणत राहिला. रागाचं 'तू' हळूहळू सवयीचं झालं, आणि पुढे पुढे ते मला त्या 'अहो'पेक्षा बरं वाटू लागलं. तोवर त्याचं नाव लांबवर गेलं होतं. जूचंद्रचा एक डावरा आला, कुणी संधिवाताचा म्हातारा आला, आखूड बोटांची एक मुलगी आली. फिटर आधी त्यांचे हात बघायचा, मग लाकूड. प्रत्येकासाठी वेगळी मान, वेगळ्या तारा. मी शेजारी बसून बघायचो. माझ्यासाठी त्याने काही बनवलं नाही. माझ्या हातांत कमी काय होतं, हे त्याला कसं सांगणार?

पुढे त्याला कावीळ झाली. तीन आठवड्यांत तो गेला. चाळिशीही उलटली नव्हती.

दोन महिन्यांनी निर्मळला लग्न होतं, आधीच कबूल केलेलं. फिटरच्या बायकोने फणसाची बेस माझ्याकडे पाठवली. निरोप होता, वाजवा, नाहीतर तिला वाळवी लागेल. मी घरी बसून प्रयत्न केला. माझी चार बोटं त्या आखूड मानेवर एकमेकांच्या पायांत येत होती, आणि सवयीने जिथे पंचम शोधायला जात होतो तिथे भलताच सूर लागत होता. शेवटी मी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात दुमडलं, रोझीकडून वर रुमाल बांधून घेतला, आणि पहिल्यापासून शिकायला बसलो. दिवसातून दोन तास, लग्नाच्या दिवसापर्यंत.

मांडवात पंगत बसली होती. काकांनी खूण केली. मी रुमाल बांधलेल्या हाताने पहिला खर्ज लावला, आणि पंगतीतल्या माणसांनी एकदम माना वर केल्या. घास हातातच राहिले. सगळ्यांनी बँडकडे पाहिलं, फिटरच्या जागी मला पाहिलं, आणि पुन्हा जेवायला लागले.