मावशींनी निवडलेली पदवी

आहारतज्ज्ञ बाईंनी मावशींकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते रागानं. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात परत आलेली ताटं रिकामी करता करता मावशी म्हणाल्या होत्या, "मॅडम, अकरा नंबरचे आजोबा तीन दिवस नुसतं सूप पितायत. कवळी घरी राहिलीय त्यांची. तुम्ही लिहिलेलं बाकी सगळं बादलीत जातंय."

स्वयंपाकी फिसकन हसला. तेवढं पुरलं. बाई कामात हुशार होत्या. आजोबांचा आहार त्यांनी त्याच संध्याकाळी बदलला. पण चूक दाखवलेली त्यांना सोसत नसे. तेव्हापासून त्यांनी मावशींवर डूख धरला. ताटांवरच्या चिठ्ठ्या उगाच पुन्हा लिहायला लावायच्या, चारचौघांत "आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई" म्हणायचं. मावशी बारावी झालेल्या होत्या, पण ते विचारलं कोणी?

एका दुपारी मावशी दोन माहितीपत्रकं घेऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या. "मॅडम, पोषणशास्त्राची पदवी करायचीय. नोकरी सांभाळून, दूरशिक्षणानं. यातली कुठली घेऊ?"

"या वयात? चाळिशी उलटली ना?"

"त्रेचाळीस."

एक पत्रक गुळगुळीत, रंगीत: वर्षभरात पदवी, प्रात्यक्षिक नाही, परीक्षा घरबसल्या. दुसरं साध्या कागदाचं: तीन वर्षं, त्यात रुग्णालयात दोनशे तास प्रात्यक्षिक. पहिल्या संस्थेला मान्यता नाही, तिच्या पदवीला कुठलाही दवाखाना हिंग लावून विचारणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी रंगीत पत्रकावर बोट ठेवलं.

"हे घ्या. तुम्हाला झेपेल असं आहे."

आठ दिवसांनी मावशी परत आल्या. "मॅडम, हे यादीत नाही."

"कसली यादी?"

"मान्यता देणाऱ्या मंडळाची. पेशंटसमोर उभं न करताच आहार शिकवणार म्हटल्यावर मला शंका आली. मंडळाच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाईंनी नावं वाचून दाखवली. दुसरं आहे, हे नाही."

बाईंचे कान तापले. "म्हणजे माझीच उलटतपासणी?"

"वर्ष माझं वाया जाणार होतं ना." मावशींनी दुसऱ्या अभ्यासक्रमाचा अर्ज पुढे ठेवला. "प्रात्यक्षिक इथंच करायचं तर तुमची सही लागते."

"माझ्या हाताखाली? या जन्मी तरी नाही." बाईंनी अर्ज न वाचताच ढकलला. तो जमिनीवर पडला.

मावशींनी तो उचलला, एप्रनला पुसला. "बरं. या वेळी निदान खरं बोललात."



मावशी आता दुसऱ्या वर्षाला आहेत. सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून त्या गावाबाहेरच्या लहान मुलांच्या रुग्णालयात प्रात्यक्षिकाला जातात. बाकीचे सहा दिवस त्या याच स्वयंपाकघरात असतात आणि बाईंशी कामापुरतंच बोलतात.