भानुमतीकाकूंची लाल शाई

दिल्लीच्या राजेंद्रनगरात मराठी मुलांसाठी खाणावळ चालवणाऱ्या भानुमतीकाकू सातवी शिकलेल्या. त्यांच्याकडे जेवणारा सुधन्वा इंग्रजी साहित्याचा पदवीधर. उद्या एका क्लासमध्ये नमुना तास घेऊन त्याला शिक्षकाची नोकरी मिळवायची होती. जेवताना त्याने फळ्यासाठी कागदावर लिहून ठेवलेली वाक्यं काकूंना ऐटीत दाखवली.

"इथे ‘अफेक्ट’ हवं रे, ‘इफेक्ट’ नाही," काकू म्हणाल्या. "माझा ठेचा तुला अफेक्ट करतो. डोळ्यांतलं पाणी हा इफेक्ट."

सुधन्वाने वाक्य पुन्हा वाचलं. चूक खरीच होती. "काकू, हे कुठे शिकलात?"

"इथली मुलं क्लासमध्ये तपासलेले इंग्रजीचे पेपर रद्दीत टाकतात. बारा वर्षं त्यांतच डब्याच्या पोळ्या गुंडाळतेय, लाल शाई वाचत वाचत."

दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर सुधारलेली वाक्यं घेऊन तो गेला आणि नोकरी मिळाली. संध्याकाळी डब्यात पोळ्या आल्या, त्याने टाकून दिलेल्या त्याच जुन्या कागदात. चुकीभोवती काकूंनी लाल गोल काढला होता.